प्रतिवादी क्रमांक एक

सोपानमामांच्या समोर बसून कोणी कागद वाचू लागलं, की तो कागद दोघांचा होऊन जाई. मामांना उलटं वाचता यायचं. टेबलाच्या पलीकडे डोक्यावर उभी असलेली अक्षरं ते आपण सुलटी वाचतो तितक्या सहज वाचत. परभणीतल्या एका छापखान्यात वीस-बावीस वर्षं ते खिळे जुळवत होते. शिशाच्या खिळ्यावर अक्षर उलटंच असतं. त्यामुळे सुलटं अक्षर हीच त्यांना थोडी सवलत वाटत असावी.

मला हे पहिल्याच दिवशी कळलं. बी. ए. होऊन वर्ष झालं होतं आणि प्रुफं तपासायची जागा आहे असं ऐकून मी अर्ज घेऊन छापखान्यात गेलो होतो. मालक अर्ज वाचत होते. समोर शाईने काळी झालेली बोटं पुसत एक किडकिडीत, पांढऱ्या टोपीतला माणूस उभा होता. मालकांनी मान वर करायच्या आत तो म्हणाला, "इनंतीतला वि ऱ्हस्व पाह्यजे. ह्यानं दीर्घ काढलाय."

मी चपापलो. मालक हसले. "सोपान, ठेवायचा का मग याला?"

"ठेवा की. चूक दाखवली तर तोंड पाडलं न्हाई त्यानं. शिकंल."

बोलताना ते 'इनंती' म्हणत, 'येळ' म्हणत, 'ईज' म्हणत. लिहिताना मात्र एक काना इकडचा तिकडे होत नसे. शाळा सातवीपर्यंत. बाकी सगळं शिक्षण लोकांच्या लग्नपत्रिका, हँडबिलं आणि वार्षिक अहवाल जुळवता जुळवता झालेलं. मला नोकरी लागली आणि मी त्यांना मामा म्हणू लागलो. ते मला दिगंबरचा दिगू म्हणू लागले.

त्या वर्षांत मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूची आणि विरोधातली, दोन्हीकडची पत्रकं आमच्या छापखान्यात येत. मामा दोन्ही सारख्याच निगुतीने जुळवत. एकदा मात्र एका पत्रकात दलित वस्तीतल्या बायकांबद्दल एक घाणेरडी ओळ होती. मामांनी तो कागद मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवला. "बाकीचं जुळवतो. ही ओळ माझ्या हातानं जुळणार न्हाई." मालक म्हणाले, "गिऱ्हाईक जाईल, सोपान." मामा म्हणाले, "मंग मला पाठवा, गिऱ्हाईक ठेवा." मालकांनी पत्रक परत केलं. संध्याकाळी मी विचारलं, भीती नाही वाटली का? ते खिळे परत खणांत टाकत होते. म्हणाले, "भ्यायच्या आदी पुरतं वाचावं दिगू. आर्धं वाचून भेलेली माणसं लय बघितली म्या."

हे त्यांचं नेहमीचं सांगणं होतं. कोणताही मजकूर असो, आधी पुरता वाचायचा.

पण पुढे त्यांना वाचताच येईना. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. 'ध' आणि 'घ' यांची अदलाबदल होऊ लागली आणि एका लग्नपत्रिकेत वधूच्या वडिलांचं नाव चुकलं. मालक वाईट माणूस नव्हते, पण त्यांनी स्पष्टच सांगितलं, "दोन महिन्यांत डोळे करून ये. जागा ठेवतो." सरकारी शिबिराची वाट पाहायला वेळ नव्हता. औरंगाबादला खाजगीत ऑपरेशन, जाड भिंगांचा चष्मा आणि बिनपगारी दोन महिन्यांचा घरखर्च, एवढ्यासाठी मामांनी एका बँकेच्या शाखेतून तीन हजारांचं कर्ज काढलं. जामीन हवा होता. मामा मला म्हणाले, "आदी वाच, पटलं तर कर." मी न वाचताच सही ठोकली. माझ्या दृष्टीने तो मोठेपणा होता.

डोळे छान झाले. मामा परत आले ते पहिल्या दिवशी खणांपुढे उभे राहून नुसते हसत होते. "आरं, एवढं काळं आसतंय का शिसं? इतके दिस मला करडं दिसायलं व्हतं."

सात हप्ते वेळेवर गेले. मग मालकांच्या मुलांनी छापखाना विकायला काढला. नवी ऑफसेट यंत्रं आली होती, खिळ्यांचं काम आटत चाललं होतं. एका महिन्याच्या पगाराइतके पैसे हातात ठेवून आम्हा सगळ्यांना निरोप दिला. डोळे नीट झाले आणि वाचायचं कामच राहिलं नाही. मामा हे स्वतः कधी बोलले नाहीत. मामी बोलत, आणि बोलताना पदर तोंडाला लावत.

मला आठ-दहा महिन्यांनी पाटबंधारे खात्याच्या कचेरीत कारकुनाची तात्पुरती जागा मिळाली. मामांना काही मिळेना. पन्नाशीला आलेल्या, जाड चष्मा लावणाऱ्या कंपोझिटरला कोण ठेवणार? परभणीतल्या खोलीचं भाडं थकलं तेव्हा ते मामींना घेऊन पोखर्णीला मेव्हण्याच्या घरी राहायला गेले. बँकेचे हप्ते बंद झाले. दोन नोटिसा आल्या. मामा दोन्ही वेळा बँकेत जाऊन आले. एकदा साहेब रजेवर होते. दुसऱ्यांदा साहेब बदलले होते आणि नव्या साहेबांनी वर बघितलं नव्हतं. मग कोर्टात दावा लागला. प्रतिवादी क्रमांक एक सोपानमामा. क्रमांक दोन मी.

समन्स घेऊन बेलीफ पोखर्णीला गेला, ती हकीकत त्या बेलीफानेच मला नंतर सांगितली. मामांनी त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि समन्स पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग खिशातली पेन्सिल काढली. वडिलांचं नाव 'मारोती'ऐवजी 'मोरती' पडलं होतं.

बेलीफ ओरडला, "अहो, कोर्टाच्या कागदावर पेन्सिल चालवू नका!"

मेव्हणा लगेच म्हणाला, "दाजी, नाव चुकलंय तर घेऊच नका. सांगा, ह्यो मी न्हवंच."

मामांनी पेन्सिल परत खिशात ठेवली. "बापाचं नाव त्यांच्याकडून चुकलं. रिण तर मीच घेतलंय न्हवं?" आणि त्यांनी सही करून समन्स घेतलं.

दुसऱ्या दिवशी तोच बेलीफ परभणीत माझ्या दारात आला. मी आतल्या खोलीत होतो. आईला खूण केली. तिने दारातून सांगितलं, "दिगंबर गावाला गेलाय." आयुष्यात खोटं न बोललेली माझी आई, तिचा आवाज कापत होता. बेलीफ म्हणाला, "बाई, मी परत येईन." तो गेल्यावर आई माझ्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेली.

तिसऱ्या खेपेला समन्स घ्यावंच लागलं. माझी नोकरी तात्पुरती होती. कोर्टाची जप्ती पगारावर आली तर साहेब काय म्हणतील, कायम होईन की नाही, बहिणीचं ठरत आलेलं लग्न मोडेल का, हे सगळं डोक्यात भणभणत होतं. मी एका वकिलाकडे गेलो. त्यांनी कर्जाच्या कागदाची नक्कल पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "सही तुमची नाही, असं म्हणा."

"पण माझीच आहे."

"ते तुम्हाला ठाऊक. बँकेनं सिद्ध करावं. एवढ्याशा रकमेसाठी ते अक्षरतज्ज्ञाच्या नादी लागणार नाहीत. तुम्हाला सोडून देतील आणि त्या म्हाताऱ्याच्या मागं लागतील."

मी हो म्हणालो. हे मी आज इतक्या वर्षांनी लिहितो आहे, आणि अजूनही लिहिताना हात थांबतो. मी हो म्हणालो.

पहिल्या पेशीच्या दिवशी कोर्टाच्या आवारात, लिंबाखाली वकिलांची टेबलं असतात तिथे मी बसलो होतो. माझा जवाबदावा टाइप होऊन टेबलावर आला होता. वकील कोणाशी तरी बोलायला उठून गेले. मी पेनाचं टोपण काढलं, आणि समोरच्या बाकावर कोणीतरी येऊन बसलं. सोपानमामा. धुतलेला सदरा, तीच टोपी, काखेत कापडी पिशवी.

"केव्हा आलास? जेवलास का?" त्यांनी विचारलं. आणि बोलता बोलता त्यांची नजर टेबलावर गेली.

मी कागदावर हात ठेवला, पण मला माहीत होतं की उशीर झाला. ते डोळे एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर, उजवीकडून डावीकडे सरकत गेले. 'सदर जामीनपत्रावरील सही या प्रतिवादीची नसून...' सगळं वाचलं त्यांनी. पुरतं वाचायची सवयच होती. मी मान खाली घातली. आता हा माणूस ओरडेल, निदान उठून जाईल, असं वाटलं.

ते म्हणाले, "दिगू, टाइपवाल्यानं 'जामिन' लिव्हलंय. जामीनमधला मी दीर्घ आसतो."

आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता. चूक दिसली, ती सांगितली. मग पिशवीतून पेरू काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. "खा. पोखर्णीचा हाय." आणि ते कोर्टाच्या पायऱ्यांकडे निघून गेले.

मी तो कागद फाडला. वकिलांना ठरलेली फी दिली आणि सांगितलं की मला जवाबदावा द्यायचा नाही. ते म्हणाले, "पस्तावाल." मामांना गाठायला मी पायऱ्यांकडे गेलो, तर ते कारकुनाला विचारत होते की मुदत किती मिळते आणि जवाबदावा स्वतः लिहिला तर चालतो का. कारकून वैतागून म्हणाला, "चालतो. पण वकील लावा ना."

"वकिलाला द्यायला आसते तर बँकेलाच दिले आसते की, साहेब."

मामांनी जवाबदावा आमच्याच घरी बसून लिहिला. आईने त्यांना ज्वारीची भाकरी आणि पिठलं वाढलं. त्यांनी आधी जेवून घेतलं, हात धुतले आणि मग एकटाकी लिहिलं. त्याची नक्कल माझ्याकडे आहे. 'दाव्यातील कर्ज मी घेतले आहे. सही माझी आहे. सात हप्ते भरले, त्याच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत. छापखाना बंद झाल्यापासून मला काम नाही. काम कोठे कोठे मागितले त्याची यादी जोडली आहे. कर्ज बुडविण्याचा माझा विचार नाही. एकरकमी देणे मला शक्य नाही. मिळेल त्या कामातून दरमहा थोडे देईन. प्रतिवादी क्रमांक दोन यांनी माझ्या शब्दावर सही केली असून या पैशातील एक रुपयाही त्यांनी पाहिलेला नाही. सबब जे घ्यायचे ते आधी माझ्याकडून घ्यावे.'

मी म्हणालो, "मामा, शेवटचं कशाला?"

"खरं हाय म्हणून."

पुढच्या पेशीच्या दिवशी नेमका बंद निघाला. नामांतरावरून वातावरण तापलेलं होतं, एसट्या सकाळपासून उभ्या होत्या, दुकानांची दारं लागलेली. आज कोर्टात काही होणार नाही हे कोणालाही कळलं असतं, म्हणून मी घरीच राहिलो. दुपारी दीडच्या सुमारास दार वाजलं. मामा. पायांत वहाणा नव्हत्या. एकीचा अंगठा तुटला म्हणून दोन्ही हातात. ते पोखर्णीहून चालत आले होते. कोर्टात एक शिपाई आणि एक कारकून होता. कारकुनाने पुढची तारीख सांगितली. मामा जागचे हलले नाहीत. "आमी हजर व्हतो आसं लिवा." कारकून म्हणाला, "आज कोणीच हजर नाही, कशाला लिहायचं?" मामा म्हणाले, "म्हणूनच लिवा."

आईने गरम पाण्यात त्यांचे पाय सोडले. मी चिडून म्हणालो, "मामा, बँकेचा वकीलसुद्धा आला नसेल. तुम्ही कशाला एवढं?"

त्यांनी चष्मा पुसला. "दिगू, काम गेल्यापासून मला कुणी कुठं बोलवंना. सकाळी उठून आंघोळ करून बसायचं आन् कुठं जायचंच न्हाई. हे कोर्ट तेवढं तारीख देऊन बोलवतंय. मंग मी चुकवू कशाला?" म्हणाले आणि हसले. मला मात्र हसू आलं नाही. बेकार माणसाच्या दिवसाबद्दल इतकं थोडक्यात मी त्याआधी आणि त्यानंतर कोणाकडून ऐकलं नाही.

दाव्याचं काम निघालं तेव्हा आम्ही दोघे शेजारी उभे होतो. न्यायाधीश तरुण होते. त्यांनी जवाबदावा वाचला, मग मागे जोडलेली यादी उलटली. दोन जिनिंग, तीन छापखाने, एसटीचं उपाहारगृह, शाळा, लाकडाची वखार, नांदेडचे दोन पत्ते, पूर्णेचा एक, खाली आणखी काही. एकूण एकोणीस ठिकाणं.

"इतक्या ठिकाणी तुम्ही स्वतः गेला होतात?"

"व्हय साहेब. चौदा ठिकाणी पायी, बाकीचे एस्टीनं."

"हे लिहून कोणी दिलं?"

"मीच जुळवलं साहेब."

न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं. "प्रतिवादी दोन, तुमचं काय म्हणणं?"

"सही माझी आहे," मी म्हणालो. एवढंच म्हणता आलं.

न्यायाधीशांनी बँकेच्या अधिकाऱ्याला बोलावून सांगितलं, बाहेर जाऊन बसा, बोला आणि काही ठरतंय का ते बघा. व्हरांड्यात आम्ही बसलो. आता वर बघायची पाळी अधिकाऱ्याची होती. त्याने पावत्या पाहिल्या, मामांचे पाय पाहिले. दरमहा ऐंशी रुपये ठरले, दाव्याचा खर्च बँकेने सोडला. मजकूर तयार झाल्यावर मामा म्हणाले, "आजून एक ओळ पाह्यजे. हप्ते चालू हायत तोवर ह्याच्या पगाराला हात लावायचा न्हाई."

बँकेचे वकील म्हणाले, "तसं नसतं काका. जामीनदार तो जामीनदारच."

"मंग मी सही करत न्हाई. चला आत."

पंधरा-वीस मिनिटं तिथेच अडून राहिलं. शेवटी अधिकारीच वकिलांना म्हणाला, "घाला हो ती ओळ." ती ओळ घातली गेली. मामांनी ती दोनदा वाचली. एकदा वकिलांच्या हातात असताना उलटी, एकदा स्वतःच्या हातात घेऊन. मग सही केली.

त्या ऐंशी रुपयांसाठी मामांनी काय केलं नाही? कापसाच्या हंगामात जिनिंगवर गासड्यांची वजनं लिहिली, उन्हाळ्यात पुस्तकबांधणीच्या दुकानात खळ लावली, मध्ये काही महिने एका भुसार दुकानात पोती मोजली. मामी शेंगा फोडायला जात. मी निम्मा हप्ता देऊ का म्हटलं तेव्हा ते म्हणाले, "लागंल तवा मागंन." एकदाच मागितला, मामींना हिवतापाने धरलं होतं तेव्हा. आणि तो त्यांनी पुढच्या दिवाळीत परत केला. एखाद्या महिन्यात पैसे जमणार नसले तर ते तारखेच्या आधी बँकेत जाऊन सांगून येत. पुढे पुढे तो अधिकारी त्यांना खुर्ची देऊन चहा मागवू लागला, असं मामींकडून कळलं.

मी कायम झालो, बहिणीचं लग्न झालं, माझी बदली जिंतूरला झाली. चौथ्या वर्षाच्या शेवटी एके सकाळी मामा जिंतूरच्या कचेरीत दत्त म्हणून उभे. पिशवीतून एक पाकीट काढलं. कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र. त्याच्या दोन नकला करून आणल्या होत्या. "एक तुझी. जपून ठिव." मी वाचायला लागलो. "मी वाचलंय पुरतं. चूक न्हाई एक बी."

कित्येक वर्षं मनात होतं ते त्या दिवशी बोलून टाकावं असं वाटलं. म्हणालो, "मामा, तो वकिलाचा कागद..."

त्यांनी मला पुरं होऊ दिलं नाही. "दिगू, आज मला काईच काम न्हाई. जिनिंगला सांगून आलोय. लय वर्षांनी आसा दिस आलाय. रजा टाकतोस का आर्धी?"

"कुठं जायचं?"

ते थोडे लाजले. "यलदरीचं धरण बघायचं राह्यलंय. ह्या डोळ्यांनी बघावं म्हणलं."

पंचावन्न वर्षांचा तो माणूस नुसतं काही बघायला म्हणून आयुष्यात कुठेही गेलेला नव्हता. औरंगाबादला गेला तो डोळ्यांवर पट्टी बांधून आला होता. मी रजा टाकली. एसटीने आम्ही गेलो. भिंतीच्या कडेला उभं राहून मामा त्या पाण्याकडे बघत राहिले. वाऱ्याने टोपी उडेल म्हणून ती काढून हातात धरली होती. केस पांढरे झालेले मी तेव्हा पाहिले. पाणी लांबपर्यंत पसरलेलं, पलीकडचा काठ धूसर.

"केवढं हाय रे," ते म्हणाले. "आन् एक अक्षर न्हाई त्याच्यावर."

संध्याकाळच्या गाडीने ते परभणीला गेले. त्यानंतर दोन-तीनदा भेटलो, लग्नाकार्यात, धावतपळत. एका पावसाळ्यात छातीत कळ येऊन ते पोखर्णीलाच वारले. नामांतराचा निर्णय जाहीर झाला तेव्हा ते नव्हते. वर्तमानपत्रातलं ते मोठं शीर्षक पाहताना मला वाटलं, मामांनी सर्वांत वरच्या खणातले ठळक खिळे आनंदाने खाली काढले असते.

मामांच्या दहाव्याला गेलो होतो. मामी शांत होत्या. ओट्यावरच्या बायकांना माझी ओळख करून देताना म्हणाल्या, "ह्योच तो दिगू. धरण दाखवलेला." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मरायच्या आठवड्यात बी सांगायले व्हते बघ सगळ्यांला. दिगूनं मला यलदरी दाखवली, दिगूनं लय केलं माझ्यासाठी म्हणून."

बायका माझ्याकडे आदराने बघू लागल्या. मी त्या दिवशी एसटीची दोन तिकिटं काढली होती, एवढंच.